घरांची मोजदाद कशी करावी?

शहरी गृहनिर्माण योजनेविषयीची सरकारी कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम अधूनमधून प्रस्तुत लेखकाकडे येत असते. आकड्यांचे भाषांतर करावे लागत नाही, त्यामुळे तक्त्यांची पाने सोपी जातात असा सर्वसाधारण समज आहे. या योजनेच्या तक्त्याने मात्र मला दर खेपेस अडविले आहे. त्यात घरांची वाटणी तीन रकान्यांत केलेली असते: मंजूर, ग्राउंडेड आणि पूर्ण. मंजूर म्हणजे कागदावर मान्यता मिळालेले. ग्राउंडेड म्हणजे ज्याच्या पायाची कुदळ पडली आहे ते. यासाठी मराठीत नेमका शब्द सापडत नाही, पण आशय कळतो. पूर्ण म्हणजे बांधकाम संपलेले. येथे तक्ता संपतो. मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' असे दोन वेगळे शब्द आहेत. घर गवंडी बांधतो, बिऱ्हाड माणसांना थाटावे लागते. त्या बिऱ्हाडासाठी तक्त्यात चौथा रकाना नाही, आणि तो नसणे हा छपाईतील दोष नाही.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण उघड आहे. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागाची घोषणा केली, तेव्हा '२०२२ पर्यंत सर्वांना घर' असे वचन देण्यात आले होते. ते वर्ष उलटून गेले. मुदत आधी डिसेंबर २०२४ पर्यंत आणि नंतर डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी एक कोटी शहरी कुटुंबांसाठी याच योजनेच्या दुसऱ्या पर्वास मंत्रिमंडळाने संमती दिली. पहिल्या पर्वाचे यश ज्या मापाने मोजले गेले तेच माप दुसऱ्या पर्वाच्या हाती दिले गेले, तर आणखी एक कोटी घरे कोणाच्या पदरात आणि कोठे पडली हे पाच वर्षांनी आपल्याला कळणार नाही.

प्रथम वचनाचा हिशेब पाहू. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ साली देशातील शहरी घरांचा तुटवडा १ कोटी ८७ लाख ८० हजार इतका काढला होता. त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तुटवडा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा होता. या आकड्याच्या पोटात शिरल्यास आणखी एक गोष्ट दिसते. अगदी बेघर अशी कुटुंबे त्यात ५ लाख ३० हजार, आणि दाटीवाटीने राहणारी कुटुंबे जवळजवळ दीड कोटी. म्हणजे शहरातील गरिबाचे खरे दुःख डोक्यावर छप्पर नसणे एवढेच नव्हते. कामाच्या जवळ राहायचे तर एका खोलीत दोन संसार कोंबावे लागतात, हे ते दुःख होते. तो दाट वस्तीत राहतो कारण तेथून त्याला पायी कामावर जाता येते. हा निष्कर्ष ज्या सरकारच्या हाती होता त्याने २०१५ साली आरंभी दोन कोटी घरांचे लक्ष्य जाहीर केले. नंतर राज्यांकडून 'मागणी' मागविण्यात आली आणि लक्ष्य १ कोटी १२ लाखांवर आणले गेले. तुटवडा कोणी मोजायचा आणि मागणी कोणी नोंदवायची, यांतील फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. पदपथावर झोपणाऱ्याचा तुटवडा असतो, पण मागणी नोंदविण्यासाठी त्याच्याकडे पत्ता नसतो.

मंजूर घरांचा आकडा पुढे सुमारे १ कोटी १८ लाखांवर गेला आणि त्यांतील नव्वद लाखांहून अधिक पूर्ण झाल्याचे सांगण्यात येते. हा आकडा खोटा आहे असे कोणाचे म्हणणे नाही. तो कशाचा बनला आहे हे विचारले पाहिजे. या योजनेचे चार भाग होते. झोपडपट्टीचा जागच्या जागी पुनर्विकास हा पहिला. खासगी अथवा सरकारी भागीदारीतून बांधलेल्या परवडणाऱ्या सदनिका हा दुसरा. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यास दीड लाखाचे केंद्रीय साहाय्य हा तिसरा. बँकेच्या गृहकर्जावरील व्याजात सूट हा चौथा. या चौथ्या भागातील लाभार्थी सुमारे पंचवीस लाख, आणि त्यांच्यात वर्षाला अठरा लाख रुपये मिळविणाऱ्या कुटुंबांपर्यंतच्या लोकांचा काही काळ समावेश होता. महिना दीड लाख मिळविणाऱ्या गृहस्थाने उपनगरात घेतलेली सदनिका आणि नाल्याकाठच्या झोपडीच्या जागी उभी राहिलेली खोली या दोन्ही गोष्टी तक्त्यात एक आणि एक मिळून दोन होतात. सर्वांत मोठा वाटा तिसऱ्या भागाचा आहे, म्हणजे ज्यांच्याजवळ आधीच जमीन व तिचे कागद होते त्यांचा. ज्या झोपडपट्टीवासीयांच्या नावाने ही योजना व्यासपीठांवरून सांगितली गेली, त्यांचा पहिला भाग सर्वांत लहान राहिला.

आता रिकाम्या घरांकडे वळू. गृहनिर्माण व नगर व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीसमोर २०२५ साली आलेल्या माहितीप्रमाणे पहिल्या दोन भागांत मिळून नऊ लाख सत्तर हजारांच्या आसपास घरे बांधून तयार होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मी रिकामी होती. जागच्या जागी पुनर्विकासाच्या घरांत तर रिकाम्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात होते. याची कारणे म्हणून अपुऱ्या नागरी सोयी, रखडलेले वाटप आणि लाभार्थींची अनिच्छा अशी तीन नावे पुढे आली. या तिसऱ्या शब्दावर माझी लेखणी बराच वेळ थांबली होती. ज्या देशात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सहा कोटींहून अधिक माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती, त्या देशातील गरिबाला पक्क्या घराची इच्छा नाही असे छापील कागदावर लिहिण्याचे धाडस नोकरशाहीला होते, कारण तिच्या तक्त्यात बसभाड्याचा रकाना नसतो.

असे प्रथमच घडते आहे असेही नाही. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातील घरांची हीच गत झाली होती. दिल्लीच्या बवाना, घोघा, सावदा-घेवरा अशा टोकाच्या भागांत हजारो सदनिका वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहिल्या. नळ गेले, खिडक्यांची तावदाने गेली, भिंतींना ओल चढली. तक्त्यात त्या 'पूर्ण' होत्या आणि आजही आहेत. २०२० च्या टाळेबंदीत स्थलांतरित कामगारांचे तांडे पायी निघाले तेव्हा सरकारला या घरांची आठवण झाली. त्या वर्षी जुलैमध्ये अशी १ लाख ८ हजार रिकामी सरकारी घरे कामगारांना भाड्याने देण्याची योजना जाहीर झाली. पुढील चार वर्षांत त्यांपैकी साडेपाच हजारांच्या आसपास घरे भाड्यासाठी उपयोगात आली. रस्त्यावर पायी चालणारा कामगार आणि कुलूपबंद घर यांची गाठ पडू शकली नाही, कारण घर जेथे होते तेथे काम नव्हते.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीच्या वेशीवरील अशाच एका वसाहतीत काही साथींबरोबर जाण्याचा योग आला. ही वसाहत रिकामी नव्हती. वाटप झालेले होते, दारांवर नावे होती, आणि सरकारी व्याख्येप्रमाणे ती वसलेली होती. आम्ही मंगळवारी गेलो होतो आणि एका इमारतीतील बहुतेक दारांना कुलपे होती. तिसऱ्या मजल्यावर एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसलेल्या होत्या. त्यांनी सांगितले ते असे: सून चार घरांची धुणीभांडी करते, मुलगा मंडीत हमाली करतो. येथून दोघांना रोज जाणे-येणे करायचे तर दोन बस बदलाव्या लागतात आणि पहाटेची पहिली बस चुकली की सुनेचे पहिले घर सुटते. म्हणून जुन्या वस्तीजवळ त्या दोघांनी एक खोली भाड्याने घेतली आहे. शनिवारी रात्री ती येथे येतात, सोमवारी पहाटे जातात. पूर्वी झोपडीला भाडे नव्हते. आता सदनिकेचा हप्ता आहे, खोलीचे भाडे आहे, आणि आई-बाप आठवड्यातून एकदा भेटतात. आजींची घराबद्दल मात्र तक्रार नव्हती. भिंत पक्की आहे, पाऊस आत येत नाही, शौचाला बाहेर जावे लागत नाही, असे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. ही गोष्ट टाळून चालणार नाही. घर चांगले होते. बिऱ्हाड मात्र मोडले होते.

सरकारी योजनेतील घर शहराच्या टोकालाच का जाते? उत्तर जमिनीच्या भावात आहे. दर घरामागे साहाय्याची रक्कम ठरलेली असते आणि तीत जमिनीची किंमत धरलेली नसते. महापालिका वा मंडळ म्हणून तेथे बांधते जेथे जमीन फुकट किंवा फुकटच्या जवळपास मिळते. जमीन तेथे स्वस्त आहे, कारण तेथे काम नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही. मग याच उणिवा पुढे 'अपुऱ्या नागरी सोयी' म्हणून अहवालात येतात, जणू त्या नंतर उपटलेल्या अडचणी होत्या. शहराच्या मध्यातील मोकळी झालेली झोपडपट्टीची जागा मात्र मोलाची असते. चेन्नईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००० सालापासून त्या शहराच्या दक्षिणेस कण्णगी नगर, सेम्मंचेरी आणि मग पेरुंबाक्कम अशा प्रचंड पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या. एकट्या पेरुंबाक्कममध्ये वीस हजारांहून अधिक सदनिका आहेत. कूवम आणि अडयार नद्यांच्या काठची कुटुंबे डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर त्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन तेथे हलविण्यात आली. हलविली कोठे, तर पल्लीकरणैच्या पाणथळीच्या बाजूस, जेथे पावसाळ्यात पाणी भरते. घरकाम करणाऱ्या बायकांची कामे सुटली, मुलांच्या शाळा अर्ध्या वर्षात तुटल्या. संख्येच्या दृष्टीने देशातील ही सर्वांत मोठ्या पुनर्वसन कार्यांपैकी एक गणली जाते.

वस्तुतः हे सर्व आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९८५ सालीच कळून चुकले होते. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, पदपथावरील माणूस तेथे हौसेने राहत नसून तेथून त्याला उपजीविका गाठता येते म्हणून राहतो, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने निष्कासनाला अखेर मनाई केली नाही, हा भाग निराळा. एंगेल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लाइपझिगच्या पत्रात जी लेखमाला लिहिली तिचे एक मुख्य सूत्रही हेच होते: भांडवलशाही घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो शहराच्या एका भागातून उचलून दुसऱ्या भागात नेऊन ठेवते. दीडशे वर्षांत त्यात भर एवढीच पडली की आता उचलून ठेवलेल्या प्रश्नाची उपग्रहाला दिसेल अशी नोंद होते आणि ती 'उपलब्धी' म्हणून छापली जाते.

या संदर्भात अहमदाबादच्या विडी कामगार स्त्रियांची कहाणी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी. १९८७ साली तेथे स्वयंरोजगारी स्त्रियांच्या 'सेवा' या संघटनेच्या सदस्यांसाठी घरांची सोडत निघाली. अर्ज ४९७, घरे ११०. घरे शहराच्या मध्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर, पण पक्की, चांगली आणि सवलतीच्या हप्त्यांनी मालकीची होणारी. चौदा वर्षांनी शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या तीन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी सोडतीत जिंकलेल्या आणि हरलेल्या अशा दोन्ही कुटुंबांचा शोध घेतला. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के कुटुंबे त्या घरात कधी राहायला गेलीच नव्हती. आणखी ३२ टक्के जाऊन परत आली होती. म्हणजे चौदा वर्षांनी तीनांतील एकच बिऱ्हाड तेथे उरले होते. उत्पन्नात, मुलांच्या भवितव्यात जिंकलेल्यांची काही सरशी झाल्याचे आढळले नाही. उलट नात्यागोत्यातील आणि शेजारातील ज्या माणसांकडे अडीनडीला हात पसरता येतो ती माणसे त्यांना दुरावली होती. चांगल्या हेतूने, स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनेमार्फत राबविलेल्या कार्याची ही स्थिती. येथे बिल्डर नव्हता, दलाल नव्हता, भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता. बारा किलोमीटर होते. सरकारी तक्ता १९८७ नंतर दोन वर्षांनी भरला असता तर त्यात '११० पूर्ण' एवढेच आले असते, आणि ते खरे असते.

अशा निष्कर्षांचा आधार घेऊन बाजाराचे पुरस्कर्ते लगेच पुढे सरसावतात. सरकारने बांधलेली घरे रिकामी राहतात, सबब सरकारने बांधू नये. गरिबाच्या हाती रोख रक्कम किंवा भाड्याची कुपने द्यावीत आणि बाजूला व्हावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. या युक्तिवादाकडे डोळेझाक करून भागणार नाही, कारण तो सरकारी कपाटांत आधीच जाऊन बसला आहे आणि रिकाम्या घरांचा प्रत्येक नवा आकडा त्याच्या पारड्यात पडतो. पण तो ज्या गोष्टीला हात लावत नाही ती म्हणजे जमीन. कुपन हाती घेऊन गेलेल्या हमालाला मंडीजवळची खोली तेव्हाच मिळेल, जेव्हा मंडीजवळ त्याच्या आवाक्यातील खोल्या असतील. त्या नसतील तर कुपनाची रक्कम घरमालकाच्या भाड्यात जिरते. २०११ च्या शिरगणतीत शहरांतून एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली होती. बाजाराकडे घरांची कमतरता कधीच नव्हती. सरकारने बांधावे की न बांधावे हा प्रश्न दुय्यम आहे. शहरातील सार्वजनिक जमीन कोणासाठी राखायची हा पहिला प्रश्न आहे आणि मोजणीच्या सध्याच्या पद्धतीत तो दिसूच शकत नाही.

दुसऱ्याच्या हिशेबातील चूक दाखविताना आपले हिशेबही उघडे ठेवले पाहिजेत. केरळात १९७२ साली अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळातील गृहनिर्माणमंत्री एम. एन. गोविंदन नायर यांनी भूमिहीनांसाठी एक लाख घरांची योजना हाती घेतली. प्रत्येक पंचायतीत शंभर घरे असा संकल्प होता, आणि स्वयंसेवकांच्या श्रमदानाने गावोगावी एक चळवळच उभी राहिली. त्या काळात हे केवढे मोठे पाऊल होते याची कल्पना आज येणार नाही. तरीही लाखाचा आकडा प्रत्यक्षात पुरा झाला नाही. घरे एका छपराखाली दोन कुटुंबे, मध्ये सामाईक भिंत, अशी होती. काही दशकांनी भिंती खचल्या, कुटुंबे वाढली, आणि 'लक्षम वीडू'त राहतो म्हणणे म्हणजे आपली गरिबी सांगणे असे होऊन बसले. पुढच्या सरकारांना ती जोडघरे सुटी करण्याच्या योजना काढाव्या लागल्या. मात्र याच राज्यात १९७० साली अमलात आलेल्या जमीन सुधारणा कायद्याने, जमीनदाराच्या जागेत झोपडी घालून राहणाऱ्या कुडिकिडप्पुकारांना त्या झोपडीभोवतीची जमीन, पंचायत क्षेत्रात दहा सेंटपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. एकही घर न बांधता लाखो कुटुंबांच्या डोक्यावरील निष्कासनाची टांगती तलवार काढली गेली. आजच्या तक्त्यात या सुधारणेला शून्य गुण मिळतील, कारण तिने एकही विट रचली नाही.

केरळच्या सध्याच्या 'लाइफ' मिशनमध्ये या अनुभवातून काही शिकल्याच्या खुणा दिसतात. त्याची सुरुवात नव्या घरांच्या भूमिपूजनाने झाली नाही. आधीच्या निरनिराळ्या योजनांत सुरू होऊन पैशाअभावी अर्धवट राहिलेली घरे शोधून ती आधी पुरी करणे हा पहिला टप्पा होता, आणि अशी पन्नास हजारांहून अधिक घरे निघाली. कोणत्या ना कोणत्या तक्त्यात ती घरे यापूर्वी एकदा मोजली गेली होतीच. त्यानंतर घर नसलेल्यांचा व जमीनच नसलेल्यांचा क्रम लागला. एका घराला चार लाख रुपये साहाय्य, त्यातील ग्रामीण घरामागे केंद्राचा वाटा बहात्तर हजार. तरीही त्या घरावर केंद्राच्या योजनेचा फलक लागलाच पाहिजे असा आग्रह धरण्यात आला. राहणाऱ्या कुटुंबाच्या प्रतिष्ठेला ते बाधक आहे म्हणून राज्याने त्याला नकार दिला. चार लाखांतही घर पुरे होत नाही ही तक्रार केरळातही ऐकू येते आणि ती रास्त आहे. पण इतर राज्यांत काय स्थिती असेल? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाटीच्या प्रदेशासाठी एक लाख वीस हजार रुपये ही रक्कम २०१६ साली ठरली, आणि २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मान्यता देताना तीच कायम ठेवण्यात आली. या आठ वर्षांत सिमेंट, सळई, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांचे काय झाले ते खेड्यातील कोणीही सांगेल. घराच्या प्रत्येक टप्प्याचे स्थळदर्शक छायाचित्र अधिकाऱ्याला पाठवावे लागते. छायाचित्रात जोते दिसते, भिंत दिसते, सावकार दिसत नाही.

आणखी एका बाबतीत हा हिशेब एकतर्फी आहे. त्यात जमेची बाजू आहे, खर्चाची नाही. घरे व जमिनीच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क'च्या अंदाजाप्रमाणे २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत देशभरात सरकारी यंत्रणांनी दीड लाखांहून अधिक घरे पाडली आणि सुमारे सात लाख चाळीस हजार माणसे उघड्यावर आली. दिल्लीच्या कालकाजी भागात झोपडपट्टीच्या जागच्या जागी पुनर्वसनासाठी बांधलेल्या ३,०२४ सदनिकांचे नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्या थाटाने उद्घाटन झाले. त्याच भागातील भूमिहीन कॅम्पच्या उरलेल्या झोपड्या जून २०२५ मध्ये पाडल्या गेल्या. तेथील अनेक कुटुंबे पात्रतेच्या कागदांत बसली नव्हती. ३,०२४ हा आकडा प्रत्येक भाषणात आला. वजाबाकीचा आकडा कोणत्याही भाषणात आला नाही. एका हाताने दिलेले आणि दुसऱ्या हाताने पाडलेले यांची बेरीज-वजाबाकी एकाच पानावर मांडावी, एवढी साधी मागणीही आजवर संसदेत रेटून धरली गेलेली नाही. याचा दोष विरोधकांनीही घेतला पाहिजे.

अहमदाबादच्या विडी कामगारांविषयी वर लिहिले. विडी कामगारांच्याच दुसऱ्या एका वसाहतीचा उल्लेख करून हा मुद्दा पुरा करतो. सोलापूरजवळ कुंभारी येथे कॉ. गोदुताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची सहकारी वसाहत उभी राहिली. दहा हजार घरे, २००६ साली हस्तांतर. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगरची आखणी झाली आणि त्यांतील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आल्या. शहराबाहेर जाणे तेथेही टळले नाही. फरक असा की सोडतीत नशीब उघडलेली ११० कुटुंबे एकेकटी उठून गेली नाहीत. लाल बावट्याच्या युनियनमागे वर्षानुवर्षे मोर्चे काढलेली माणसे संघटनेसह, शेजारासह, भाषेसह गेली. या वसाहतीचे यश कोणी त्यामुळे गृहीत धरू नये. तिलाही तीच फूटपट्टी लावली पाहिजे जी बवान्याला लावली: पाने-तंबाखू आणायला आणि वळलेली विडी द्यायला बाईला किती अंतर जावे लागते, बसला किती पैसे पडतात, हप्ते थकले आहेत काय, आणि सोडतीच्या यादीतील नाव व दारामागचे माणूस आज एकच आहे काय. आपली वसाहत या परीक्षेत कोठे उणी पडली तर ते आपणच आधी छापले पाहिजे.

संख्या मोजूच नये असा या लेखाचा सूर नाही. २०२२ चे वचन पाळले गेले नाही हे आपण आज ठणकावून सांगू शकतो ते संख्येमुळेच. पण बांधकाम मोजणारा कंत्राटदाराचे बिल चुकते करण्यासाठी मोजतो. त्या मोजणीने राहणाऱ्याचे प्रश्न सुटतील ही अपेक्षाच चुकीची आहे. दुसऱ्या पर्वाच्या नियमांत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद नुसती कागदावर राहू नये यासाठी तीन गोष्टी आग्रहाने मागता येतील. घर ताब्यात दिल्यापासून बारा महिन्यांनी आणि मग छत्तीस महिन्यांनी पुन्हा मोजणी व्हावी. ती वसाहतवार प्रसिद्ध व्हावी, देशाच्या बेरजेत बुडविली जाऊ नये. आणि ती रहिवाशांच्या निवडलेल्या समितीच्या सहीशिवाय ग्राह्य धरली जाऊ नये. यांपैकी एकाही मागणीला पैसा लागत नाही.

सरकार हे करीपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. ज्या ज्या शहरात घरकामगार, बांधकाम कामगार, विडी कामगार आणि फेरीवाले यांच्या संघटना आहेत, त्यांच्या सभासदांतच या वसाहतींतील रहिवासी आहेत. त्यांना एक छापील फॉर्म देता येईल आणि तो एका पानाहून मोठा असू नये. रात्री नऊ वाजता इमारतीत किती खिडक्यांत दिवा आहे. घरात कोण कोण झोपते आणि कामाच्या दिवशी कोण बाहेर राहते. पूर्वीच्या वस्तीत असताना बाईकडे किती कामे होती आणि आता किती आहेत. मुलांची शाळा कोणत्या महिन्यात बदलली, की बदललीच नाही. हप्ता, भाडे, बस आणि वीज मिळून महिन्याला किती जाते. घरासाठी बँकेखेरीज आणखी कोणाचे देणे आहे. फॉर्म हिंदी, तमिळ, गुजराती आणि मराठीत एकाच मजकुराचा असावा, म्हणजे बेरीज करता येईल. मराठी मजकूर करून देण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे समजावे. 'ऑक्युपाइड' या शब्दासाठी मी त्यात 'बिऱ्हाड आहे' असे लिहिणार आहे.